चार शनिवारांच्या सह्या

ईरा, निहार — हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. तुमच्या आईला नाही, माझ्या बहिणीला नाही, देवासमोरही नाही. सात वर्षं झाली. आणि त्या सात वर्षांत मी नीट जेवत होते, नीट झोपत होते — हे आधीच सांगून टाकते. आजी बिचारी मनातल्या मनात कुढत होती, असलं काही तुमच्या डोक्यात यायला नको.

मग आत्ताच का? ईरा, तुझ्या निबंधामुळे. आईने फोटो पाठवला. माझी आजी नांदेडच्या एका कॉलेजात सर्व्हर सांभाळायची आणि तिने कधी एकही पायरी गाळली नाही, असं तू लिहिलं आहेस. बाईंनी शेजारी चांदणी काढली आहे. मी तो दोनदा वाचला आणि फोन पालथा ठेवला.

मराठीत लिहिते आहे. तुम्हाला वाचायला वेळ लागेल, लागू दे. इंग्रजीत मला खोटं फार सफाईने लिहिता येतं — हैदराबादच्या शाळेत घोटून घेतलेलं इंग्रजी, वळणदार अक्षर. ते रजिस्टर इंग्रजीतच होतं.

कोणतं रजिस्टर? क्रमाने सांगते.

आमच्या कॉलेजचं सगळं — प्रवेश, निकाल, कॉलेज सोडल्याचे दाखले — एका सर्व्हरवर चालायचं. त्या सगळ्या प्रोग्रामांच्या खाली एक सॉफ्टवेअर असतं, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. घराचं जोतं समजा. त्या जोत्याची डागडुजी दर महिन्याला येते: कुठे अडखळत असेल, मध्येच बंद पडत असेल, ते दुरुस्त करणारी. तिला क्युम्युलेटिव्ह अपडेट म्हणतात, कारण या महिन्याच्या गाठोड्यात मागच्या सगळ्या महिन्यांच्या दुरुस्त्याही बांधलेल्या असतात. एखादा महिना राहिला तरी पुढचा त्याला सोबत घेऊन येतो.

हे खरं आहे. अगदी खरं आहे — आणि मी त्याच्याच आडोशाला जाऊन बसले.

पद्धत मीच घालून दिली होती. महिन्याच्या पहिल्या शनिवारी आधी बॅकअप, मग अपडेट जुन्या मशीनवर लावून बघायचं, मग सर्व्हरवर, मग सर्व्हर बंद करून चालू करायचा, आणि शेवटी प्रत्येक प्रोग्राममधून एकेक कागद छापून बघायचा. अर्धा दिवस जायचा. पण प्राचार्यांकडे सह्यांची रजिस्टरं अकराला जात. म्हणून आमच्याकडे रिवाज पडला होता — आधी सही, मग काम. सगळ्याच खात्यांत तसं होतं. प्रयोगशाळेतसुद्धा.

त्या वर्षी फेब्रुवारीत मी 'इन्स्टॉल्ड, टेस्टेड, ओके' लिहिलं, सही केली, आणि काम केलं नाही. परीक्षेचे फॉर्म चालू होते, सर्व्हर बंद करणं मला पटलं नाही. तो निर्णय आजही मला चुकीचा वाटत नाही, कोणीही समोर आणा, मी वाद घालीन. पण रजिस्टरमध्ये शेऱ्याचा रकाना होता ना? तिथे 'राहिले' एवढा एक शब्द लिहायला काय झालं होतं? माझ्या रजिस्टरात तोवर तसा शब्द नव्हता — म्हणून नाही लिहिला.

मार्चमध्ये कारणही नव्हतं. एप्रिलमध्ये नव्हतं. मे महिन्यातही नव्हतं. पुढच्या गाठोड्यात येणारच आहे, असं म्हणायचं आणि सही करायची. चार शनिवार, चार सह्या.

जूनच्या पहिल्या शनिवारी मी लातूरला भाचीच्या लग्नात होते. काम सुजातावर सोपवलं होतं. सुजाता माझ्या हाताखाली सहा वर्षं होती, कंत्राटावर. चाळिशीची, दोन मुलींची आई, विष्णुपुरीहून रोज वेळेवर येणारी. तिने रजिस्टर पाहिलं — चार महिने सगळं ओके. म्हणजे तिच्या हिशेबाने एका महिन्याची छोटी दुरुस्ती लावायची होती. जुन्या मशीनवर लावून पाहिली, पण त्या मशीनवर दाखल्यांचा प्रोग्राम नव्हता. तो शेवटी सर्व्हरवरच तपासायचा असं मीच लिहून ठेवलं होतं. तिने सर्व्हरवर लावली. प्रत्यक्षात आत गेले पाच महिने, एकदम. सर्व्हर चालू झाला आणि दाखल्यांचा प्रोग्राम उघडेचना.

सोमवार, मंगळवार दाखले बंद. ऐन प्रवेशाचे दिवस. अहमदपूर, माहूरकडून पहाटेच्या एसटीने आलेली पोरं आणि त्यांचे बाप व्हरांड्यात बसून. मी मंगळवारी संध्याकाळी परतले आणि बुधवारी सकाळी सातला कॉलेजात गेले, एकटी. काय झालं असेल ते मला लातूरलाच फोनवर कळलं होतं. अपडेट काढलं, मधले महिने एकेक करून लावले, कुठल्या महिन्याला प्रोग्राम अडतो ते शोधलं — मार्च. प्रोग्रामच्या सेटिंगमधली एक ओळ बदलावी लागली. मार्चमध्ये मी काम केलं असतं तर ती ओळ मार्चमध्येच, कोणाला न कळता बदलली गेली असती. साडेनऊला दाखले छापायला लागले.

शिपाई म्हणाला, "मॅडम आल्या अन् गाडी रुळावर." सगळे हसले. मीही हसले.

दुपारी प्राचार्यांनी बोलावलं. मी, सुजाता, हेडक्लार्क. टेबलावर माझं रजिस्टर. "चार महिने मॅडमनी केलं, काही झालं नाही," ते तिला म्हणाले. "तुम्ही एकदा केलं अन् दोन दिवस कॉलेज बंद. आता विचारायचं काय राहिलं?"

"सर, मॅडमनी लिहून दिलं तसंच करून राहिले होते मी. एक पायरी न्हाई सोडली," सुजाता म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मॅडम, तुम्हीच सांगा ना. काय चुकलं माझं?"

तिला खरंच माहीत नव्हतं. तिला शिकायचं होतं! मी काय केलं असेल? खोटं बोलले? नाही. मी म्हणाले, "बघावं लागेल." जे मी सकाळी सात ते साडेनऊ बघून बसले होते.

हेडक्लार्क रजिस्टर चाळत म्हणाले, "मॅडमच्या रजिस्टरात खाडाखोडसुद्धा नसते." तिथेच निकाल लागला. बाहेर व्हरांड्यात हेच हेडक्लार्क दोघा-तिघांना म्हणत होते, "कोट्यातून भरलं की असंच होतंय." सुजाताचं घर बौद्ध. आणि ती जागा कोट्यातली नव्हतीच; तिची निवड मी केली होती, नऊ जणांतून, कारण ती सगळ्यांत चांगली होती. हेही त्या व्हरांड्यात मला एकटीलाच ठाऊक होतं. मी पाच पावलांवर उभी होते. चष्मा पुसत होते.

महिन्याअखेरीला तिचं कंत्राट पुढे गेलं नाही. पुढच्या मार्चला मी निवृत्त झाले — शाल, श्रीफळ, आणि त्या दोन दिवसांची गोष्ट प्राचार्यांच्या भाषणात. टाळ्या पडल्या.

आता तुम्ही म्हणाल, आजी, तुला नोकरीची भीती होती. नव्हती. नऊ महिने उरले होते, पेन्शन पक्की होती, फार तर एक मेमो मिळाला असता. माझ्यावर कोणाचा दबाव नव्हता. आजोबा तेव्हा बरे होते. मी हे सगळं मुद्दाम लिहिते आहे, कारण तुमच्या तिकडे, परदेशात, माणसाच्या वागण्याला लगेच एखादं दुखणं शोधून देतात. मला ते नको. मला स्वच्छ रजिस्टर हवं होतं. त्याच्या बदल्यात दुसऱ्या बाईची नोकरी गेली, आणि मी जाऊ दिली.

आणखी एक. गेल्या वर्षी अहमदपूरच्या बसस्टँडवर कोणी तरी "मॅडम!" म्हणून हाक मारली. सुजाता. तिथेच जवळ फॉर्म भरून द्यायच्या दुकानात कामाला असते. केस पांढरे झाले आहेत. सोबत धाकटी मुलगी होती, कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला. सुजाता तिला म्हणाली, "ह्या आमच्या मॅडम. काम कसं करावं ते ह्यांच्याकडून शिकले मी. माझ्या हातून मोठी चूक झाली होती, तरी एक शब्द बोलल्या न्हाईत मला कधी."

मुलीने हात जोडले. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, 'आईसारखी हो' म्हणाले, आणि लातूरच्या बसमध्ये जाऊन बसले.

बस सुटायला अजून वीस मिनिटं होती.