येत नाही म्हणायची तालीम

सुधारणा या शब्दाचा मोठ्या बाईंना जेवढा तिटकारा होता तेवढा उवांचाही नव्हता. उवा निदान औषधाने जातात, असं त्या स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणत. त्या मुख्याध्यापिका होऊन इतकी वर्षं झाली होती की शाळेत आलेली पहिली सुधारणा आठवणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. त्या वेळी भिंती रंगवल्या होत्या. छप्पर गळकंच ठेवलं, त्यामुळे नव्या रंगावर लगेच ओघळ आले. पुढच्या सुधारणेत वाचनालयाला काचेचं कपाट मिळालं आणि पुस्तकं खराब होऊ नयेत म्हणून त्याची किल्ली जिल्ह्याच्या कार्यालयात राहिली. मग स्मार्ट बोर्ड आला. त्याची वीज मागाहून येणार होती, ती अजून वाटेतच आहे. मुलं त्या बोर्डावर ओले रुमाल वाळत घालतात. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, हेच कार्यालयाचं धोरण, आणि ते कधी बदललं नाही.

जिल्हा अवाढव्य, हायस्कुलं उदंड, आणि कार्यालयातली मंडळी उंटावरून शेळ्या हाकणारी. सध्या त्या उंटावर बाईंचा सख्खा धाकटा दीर बसला होता. बाई लग्न होऊन घरात आल्या तेव्हा भाऊजी नववीत दुसऱ्यांदा बसले होते. बाईंनीच त्यांच्याकडून घोकून घोकून गणित पाठ करून घेतलं आणि कसंबसं शाळेबाहेर काढलं. तेच भाऊजी आता सुधारणा कक्षाचे प्रमुख झाले होते. शाळेत आले की ते बाईंना 'मॅडम' म्हणत आणि सुट्टीच्या दिवशी जेवायला आले की 'वहिनी'. बाईंना दोन्हींतला फरक कळायचा आणि दोन्ही वेळा त्यांना एकसारखीच चीड यायची.

या कक्षाने एक शक्कल काढली होती. प्रत्येक शाळेच्या फाटकावर पत्र्याची पाटी लावायची, कच्च्या शाळेला लाल, सुधारलेल्या शाळेला हिरवी. लाल पाटीच्या शाळेला एक जादा शिक्षक द्यायचा. पाटी हिरवी झाली की तो शिक्षक उचलायचा आणि दुसऱ्या लाल शाळेत नेऊन ठेवायचा. कागदावर हे फार शहाणपणाचं दिसे. बाईंनी ते एकदा भोगलं होतं. विज्ञानाच्या एक चांगल्या बाई आल्या, मुलं शिकू लागली, पाटी हिरवी झाली आणि त्या विज्ञानाच्या बाई गेल्या. मग मुलं पुन्हा घसरली, पाटी पुन्हा लाल झाली आणि दर वेळी रंगाऱ्याला काम मिळालं.

लाल पाटीवर या खेपेला मिळाले होते ते गणिताचे सर. पोरं त्यांना 'काबरं सर' म्हणत. कुणी काही उत्तर दिलं की ते विचारायचे, "का बरं?" उत्तर चूक असलं तरी, बरोबर असलं तरी. सुरुवातीला मुलं घाबरून लगेच उत्तर बदलायची. सर म्हणायचे, "मी चूक म्हटलं का? का बरं, एवढंच विचारलं." हळूहळू मुलांना आपल्या उत्तराच्या बाजूने उभं राहायची सवय लागली. शेवटच्या बाकावर एक मुलगी होती, नुसते ओठ हलवायची म्हणून तिचं नाव पुटपुट पडलं होतं. ती आता फळ्यापाशी जाऊन सरांशी वाद घालायची. बाई व्हरांड्यात थांबून हे ऐकत. जन्मात पहिल्यांदा त्यांना काही सुधारलेलं दिसत होतं, आणि ते कुठल्याही कक्षाने केलेलं नव्हतं.

अशात एका सुट्टीच्या दिवशी भाऊजी जेवता जेवता म्हणाले, "वहिनी, आनंदाची बातमी. गणिताचे निकाल बघितले तुमचे. यंदा पाटी हिरवी."

"आणि सर?"

"सर जातील की दुसरीकडे. बऱ्या झालेल्या माणसाला डॉक्टर कशाला?"

"भाऊजी, माणूस बरा दिसला म्हणून त्याचं जेवण बंद करतात का?"

"तुमचं आपलं नेहमी वाकडंच! अहो, पुढच्या आठवड्यात मी स्वतः येतोय वर्ग बघायला. पोरांनी चार उत्तरं दिली की काम झालं."

"आणि नाही दिली तर?"

"नाही दिली तर राहील लाल. पण देतील हो. भाजी वाढा जरा."

बाईंनी त्यांना एरवी कधी वाढत नसत एवढी भाजी वाढली.

सरांना यातलं काही सांगायचं नाही, हे बाईंनी तिथेच ठरवलं. माणूस सरळ, त्याला सोंग जमायचं नाही. भाऊजी यायच्या आदल्या दिवशी त्यांनी सरांना एका प्रशिक्षणाला पाठवून दिलं. दिवसभर बिस्किटं खायची आणि टाळ्या वाजवायच्या, अशी ती प्रशिक्षणं. त्यांचा काही उपयोग होऊ शकतो हे बाईंना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मग त्या नववीच्या वर्गात गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"उद्या साहेब येतील. ते काहीही विचारू देत, एकच उत्तर द्यायचं. येत नाही."

वर्ग चाट पडला. कारण याच बाईंच्या तासाला 'येत नाही' म्हणणं शिवी देण्याएवढंच वाईट होतं. येत नाही म्हणायला तोंड उघडता, तेच उत्तराला उघडा, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

"येत असलं तरी, बाई?"

"येत असलं तरी."

"का बरं?" पुटपुटने विचारलं आणि वर्ग हसला.

बाई हसल्या नाहीत. "सर इथे राहायला हवेत ना? मग मी सांगते तसं करा. आणि सरांना यातलं अक्षर कळता कामा नये."

मग त्या एकेकाला उठवून प्रश्न विचारू लागल्या, तर कुणी हसू दाबू शकेना, कुणी उत्तर देऊनच मोकळं होई. बाईंनी तालीम घेतली. मान खाली, नजर जमिनीकडे, आवाज बारीक. तास संपेपर्यंत सगळा वर्ग मठ्ठ दिसायला शिकला, आणि बाईंना स्वतःच्या शिकवण्याचा अभिमानच वाटला.

दुसऱ्या दिवशी भाऊजी आले, मागे फोटो काढणारा घेऊन. सर फळ्यापाशी उभे होते, चांगला इस्त्रीचा शर्ट घालून. भाऊजींनी विचारलं, "त्रिकोणाचा एक कोन पन्नास अंशांचा, दुसरा साठ. तिसरा किती?" पहिला मुलगा उठला. येत नाही. दुसरा उठला. येत नाही. सरांनी हातातला खडू टेबलावर ठेवला. मग भाऊजींनी पुटपुटला उठवलं. तिचे ओठ हलले, 'सत्तर' असे, इतके स्पष्ट हलले की बाईंना दारातून दिसलं. मग तिने मान खाली घातली.

"येत नाही."

"पालथ्या घड्यावर पाणी," भाऊजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. याच भाऊजींना सातचा पाढा यायला किती दिवस लागले होते हे बाईंना चांगलं आठवत होतं. त्यांना मनातून हसू फुटत होतं. गाढव अगदी सांगितल्या खड्ड्यात पडलं होतं.

तेवढ्यात सरांनी सवयीने विचारलं, "का बरं?"

पुटपुट बाकाची कड नखाने खरवडू लागली.

"का बरं येत नाही? परवा तूच मला समजावून सांगितलंस."

तिने बाईंकडे पाहिलं. मग सगळ्या वर्गाने बाईंकडे पाहिलं. शेवटी सरांनीही पाहिलं. भाऊजींच्या लक्षात काही आलं नाही, ते फोटोसाठी शर्ट नीट करत होते.

पाटी लाल राहिली. शाळा सुटल्यावर सर बाईंच्या खोलीत आले, बसले नाहीत.

"तुम्ही सांगितलं होतंत?"

"हो, मीच. नाहीतर तुम्हाला उचललं असतं त्यांनी. त्या अडाण्यांना दुसरी भाषा कळत नाही."

"आणि एकाही मुलाने तुम्हाला 'नाही' म्हटलं नाही."

"पोरं गुणी आहेत. तुमच्यासाठी केलं त्यांनी."

"बाई, त्रिकोण तर निमित्त. आलेलं उत्तर कुणी डोळे वटारले म्हणून सोडायचं नाही, एवढं एकच मी शिकवत होतो. तेच त्यांना आलं नाही. साहेब बरोबर बोलले, पालथ्या घड्यावर पाणी. मी बदली मागून घेतो."

बाई भडकल्या. "नाकाने कांदे सोलू नका हो! तुमच्या तत्त्वांपायी पोरांचं वाटोळं करणार?"

सर बाईंकडे नुसते बघत राहिले. बाई आयुष्यभर वरच्या लोकांकडे ज्या नजरेने बघत आल्या होत्या, तीच नजर त्यांना पहिल्यांदा स्वतःवर आलेली दिसली. ती फार लागली.

भाऊजींनी बदली मंजूर केली. लाल शाळेतून स्वतःहून जाणाऱ्याला अडवायचा नियम नाही म्हणे, आणि दुसरा शिक्षक शिल्लक नाही. मग नववीचं गणित बाईंनीच घेतलं. त्यांचा विषय भाषा, तरी एक समीकरण त्यांनी फळ्यावर मांडलं आणि मध्येच अडकल्या. मागे वळल्या तर शेवटच्या बाकावर ओठ हलत होते.

"ऊठ गं. सांग पुढचं."

पुटपुट उठली. फळ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि अगदी मनापासून तिने विचारलं, "बाई, आज येतं ते सांगायचं, की येत नाही म्हणायचं?"