दादूबुवांची कोरी पाटी

आमचा दादू म्हणजे घाटकोपरचे दादूबुवा. गिरणी सुटली, पण पेटी सुटली नाही. गावच्या शाळेत आम्ही दोघं एकाच पाटीवर लिहायचो, कारण माझी मी पहिल्याच आठवड्यात म्हशीला मारून फोडली होती. तो किस्सा मोठा आहे, राहू दे. दादू पुढे डबलबारीचा, म्हणजे दोन बुवांच्या समोरासमोरच्या भजनी सामन्याचा, बुवा झाला, स्वतः भजनं रचू लागला. मी चाळीस वर्षं त्याच्या मागे झांज वाजवली.

त्याची भजनं सात वह्यांत. पानं तेलकट, कडा वाळवीनं खाल्लेल्या. नात श्रुतिकानं पहिल्या पगारातून त्याला लिहायचा टॅबलेट आणला. डोळ्यांवर उजेड नाही, अक्षर कागदावरच्यासारखं, हवं तेवढं मोठं.

"नंद्या, पेन कसो कुरकुरता बघ! ही तर आपल्या शाळेतली पाटी रे!"

"आजोबा, नेट जोडते," श्रुतिका म्हणाली. "म्हणजे एक प्रत वर राहील."

"वर म्हणजे खय? समोरच्या बारीच्या बुवान उचलून गायली तर?"

जोडू दिलं नाही.

तीन महिने बसून त्यानं सातही वह्या उतरवल्या. देवाचं नाव लिहिलेला कागद आम्ही रद्दीत देत नाही. गणपतीबरोबर पवईला जाऊन वह्या पाण्यात सोडल्या, हात जोडून. मी सोबत होतो. श्रुतिका तेव्हा कामासाठी बंगळुरूला होती.

मग दसरा आला. लहानपणी पाटी कोळशानं घासून कोरी करायची आणि तिच्यावर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची. मीच म्हणालो, "दादू, लिहिलेल्या पाटीवर सरस्वती बसत नाय हां."

दादूनं नातीला हाक मारली. "गो बाय, ही पाटी पुसून एकदम कोरी करून दे."

"सगळी? नक्की ना? परत नाही येणार काही."

"पुसलेला कधी परत येता काय?" दादू हसला. मीही हसलो. आमच्या लेखी पाटी पुसायची म्हणजे समोर दिसतं तेवढंच पान. आणि पोरीला वाटलं, वह्या कपाटात आहेतच.

सरस्वती सुरेख उतरली. झेंडू वाहिला, पाया पडलो. संध्याकाळी कोजागिरीच्या बारीसाठी गजर काढायला बसलो, तर पुढचं पान पांढरं. त्याच्या पुढे पानच नाही.

"वह्या कुठायत आजोबा?" श्रुतिकानं विचारलं.

मी सांगितलं.

कोजागिरीला दादूच्या जागी दुसरा बुवा उभा राहिला. त्याची भजनं साधारणच, पण लोकांनी टाळ्या दिल्या.

आता रोज संध्याकाळी मी दादूकडे जातो. तो पेटीवर एक ओळ गातो नि थांबतो.

"फुडे काय होता रे, नंद्या? तू तर मागेच बसलेलो असायचस."

चाल मला पाठ आहे, अगदी कुठे श्वास घ्यायचा तेसुद्धा. शब्द एकही आठवत नाही. तो गात असताना मी झांज वाजवत होतो.