तीनवर उतरलेलं प्रेशर

डावा डोळा काचबिंदूनं आधीच गिळला होता. उजव्याचं ऑपरेशन झालं ते आतलं प्रेशर उतरावं म्हणून, आणि ते उतरलं ते थेट तीनवर. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. आमच्या बजाजनगरच्या घरात मात्र पेढे आले. प्रेशर उतरलं की आनंद करायचा, एवढंच आम्हाला इतक्या वर्षांत माहीत.

बाईंनी समजावलं, की प्रेशर दहाच्या आसपास हवं, पण ऑपरेशनमध्ये काढलेल्या नव्या वाटेनं डोळ्यातलं पाणी जास्तच झिरपतंय. डोळा असाच मऊ राहिला तर नजर जाईल. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, जोर करायचा नाही. मी हे फुलंब्रीच्या थोरल्या बहिणीला फोनवर सांगितलं. तिनं त्यातलं ‘प्रेशर लो’ तेवढं उचललं आणि दुसऱ्या दिवशी लिंबांची पिशवी घेऊन दारात हजर.

“मीठ-लिंबू पी, लगेच चढतंय बघ.”

“आक्का, हे डोळ्याचं प्रेशर आहे.”

“डोळा काय अंगाच्या भाईर हाय व्हय?”

पाच दिवस प्यालो. डोळा होता तिथंच राहिला, खोकला तेवढा लागला. आणि खोकायलाही मनाई होती.

खरं तर मला दाराची चौकटसुद्धा वाकडी दिसत होती. पण पुन्हा टेबलावर झोपायची इतकी भीती बसलेली, की कुणीही विचारलं तरी मी ‘झकास दिसतं’ म्हणायचो. तपासणीच्या दिवशी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता खालच्या ओळीपर्यंत धडाधड वाचला. बाई खूश झाल्या. तेवढ्यात मागून बायको म्हणाली, “मॅडम, ह्यांना तो पाठ हाय. आंघोळ करतानाबी म्हणत्यात. दुसरा लावा.”

दुसरा लावला. वरचं एक मोठं अक्षर सोडलं तर खाली नुसत्या मुंग्या.

त्याच आठवड्यात झिरपणारी वाट टाके घालून आवळली. चार दिवस मी बायकोशी बोललो नाही. भरल्या दवाखान्यात नवऱ्याला कॉपी करताना पकडून देणारी बाई दुसरी कुठं असेल?

पुढच्या तपासणीला प्रेशर नऊ भरलं. बाहेर बाकड्यावर बायकोनं विचारलं, “आता खरं सांगा, दिसतंय का?”

“धूसर आहे,” मी म्हणालो. “पण तू रडलीयेस, तेवढं दिसतंय.”