हळदीच्या दिवशी भट्टी

माझा स्वभाव तापट. अकोल्यातल्या आमच्या कॉलेजात लाईन गेली की अंधार व्हायच्या आधी माझा आवाज चढतो. पण त्या दुपारी ओरडायलाही सुचेना. भट्टीत स्फटिक होता, लोखंडाच्या ऑक्साईडचा, चुंबकीय. तो कित्येक दिवस हळूहळू निवायला हवा. मध्येच भट्टी थंड पडली तर तडकलाच म्हणून समजा.

स्फटिक माझ्या एका विद्यार्थिनीचा. भुकटी तिनं खलली, भट्टी तिनं लावली. पुण्याच्या प्रयोगशाळेत त्याच्यावर लेझरचे झोत मारायचे होते, डोळा लवायच्या कितीतरी आत संपणारे. वर्गात मी हे बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसवून समजावते. बंगईला धक्का दिला की ती हलते. परत येताना नेमक्या वेळी उलट धक्का बसला की जागीच थांबते. पहिल्या झोतानं स्फटिकातले अणू तसेच झुलायला लागतात, त्यांच्याबरोबर चुंबकत्वही डोलतं. दुसरा झोत वेळ साधून आला तर सगळं थांबायला हवं. थांबतं का, तेच बघायचं होतं. आणि भट्टी चालू असतानाच पोरीचं लग्न ठरलं. चट मंगनी, पट ब्याह! मी मनातल्या मनात खूप चिडले.

डीपी उडून लाईन गेली तो नेमका तिच्या हळदीचा दिवस. बॅटरी कशीबशी तासभर भट्टी धरणार होती. तिचं घर कॉलेजच्या मागेच, तशीच उन्हात गेले. मांडवात जनरेटरवर डीजे दणाणत होता, कूलर चालू होते. आता जनरेटर मागू कसा? लग्नघरात असलं कोणी मागतं का? मी मांडवाच्या कडेलाच थांबले. पण पाटावर बसलेल्या तिनं मला पाहिलं.

"लाईन गेली काय, मॅडम?"

मी मान हलवली.

"बाबा, डीजे बंद करा. जनरेटर कॉलेजात न्या."

"येडी झाली काय वं? लोकं काय म्हणतीन?"

"म्हनू द्या. माहा स्फटिक तडकून राहिला तिकडे!"

बापानं लेकीकडे पाहिलं, डीजेवाल्यावर उगाचच खेकसला आणि जनरेटर मालऑटोत चढवला. हळद लागलेली पोर उंबऱ्याबाहेर पडत नाही, म्हणून ती मांडवातच राहिली. तिचे बाबा मात्र कोऱ्या सदऱ्यावर तेलाचे डाग घेत संध्याकाळी लाईन येईपर्यंत जनरेटरपाशी बसले. पाहुणे घामानं निथळले, नावं ठेवून गेले. मला बाबा एका शब्दानं बोलले नाहीत. देवमाणूस!

स्फटिक अखंड निघाला, नखाएवढा, काळाभोर. तोवर ती परतवाड्याला सासरी गेली होती.

पुण्याहून आलेख आला तेव्हा मी कणीक मळत होते. पहिल्या झोतानंतर रेघ वर-खाली, वर-खाली, दुसऱ्यानंतर सरळ. मी अशी ओरडले की नवरा धावत आला. पिठाच्या हातांनीच तिला फोन लावला.

"अगं, थांबलं!"

पलीकडून हळूच, "मले पाहाचं होतं, मॅडम."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पाठोपाठ रागही आला. कोणाचा, ते मला अजून सांगता येत नाही.

"पुढच्या महिन्यात पुण्याला ते पुन्हा करणार आहेत, तू बघायला यायचंस," मी म्हटलं. "सासूबाईंना दे फोन."

"आत्ता? जेवून राहिल्या त्या."

"जेवू देत. मी फोन धरून आहे."