कुंदा जास्त वाईट की लिंबोणीवरचं फुलपाखरू

ह्या दोघांत जास्त हरामखोर कोण, ते मला विचारा. दोघांनाबी मी ह्याच हातानं मारलंय.

पोखर्णीच्या रस्त्याला आमच्या वाटणीचं रान हाय. तिथं मी लिंबोण्या लावल्या होत्या. माहेरच्या लिंबांचं बी रुजवून, घागरीनं पाणी घालून कमरेएवढ्या केल्या. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

फुलपाखरू काळंपिवळं, लय देखणं. भरदिवसा डोळ्यांदेखत पानावर अंडं घालून जातं. त्याची अळी आधी पाखराच्या शिटेसारखी दिसती, मग हिरवीगार होती. डिवचली की डोक्यातून तांबडी शिंगं काढती आन् घाण वास सोडती. सगळा पाला फस्त करती, मेली. मी चिमटीत धरून चिरडायची. फच्च! राग तिथंच संपायचा.

कुंदा तसा मरत न्हाई. वरून साधं गवत, पण मुळ्या काळ्या मातीत हातभर खोल. कुदळीनं तोडावा तर तुकड्यातुकड्याला नवा कोंब. जेवायला बसले तरी त्याचा राग डोक्यात असायचा. उन्हाळ्यात तो खणून, वाळवून जाळायचा असतो. शेजारच्या रानातल्या माझ्या दिराला जाळायचा कंटाळा. तो खणलेला कुंदा खुशाल बांधावरून आमच्यात भिरकवायचा.

एका सकाळी मी तो उचलून त्याच्याच अंगावर फेकला. "तुमची घाण तुमच्यात ठेवा, भाऊजी!"

"लय माज आलाय का, वैनी?" म्हणत तो कुदळ घेऊन बांध ओलांडून आला. माझ्याकडं न्हाई, झाडांकडं गेला. एकेक लिंबोणी बुडातून तोडत सुटला. मी धावले आन् त्याच्या दंडाला कडकडून चावले. रगत आलं तरी सोडलं न्हाई. त्यानं दांडा हाणला, माझ्या मनगटाचं हाड कटकन मोडलं. आमचे मालक बांधावर उभे होते. जागचे हलले न्हाईत.

प्लास्टर घालून दवाखान्यातून निघालो. रिक्षात मालक म्हणाले, "घरातली गोष्ट हाय, बोभाटा नको. झाडं काय, परत लावू."

"आन् हात?"

"जुळंल की."

अंगाची नुसती आग झाली. त्यांनी रिक्षा घराकडं घ्यायला सांगितली.

मी म्हणलं, "दादा, पोलीस ठाण्याकडं घे. ह्यांना यायचं नसंल तर इथंच उतरव."

ते उतरले.