महाबलीपुरमचा कौल

कोणाला सांगू नका हं, पण आयुष्यात देवाला फसवायला मी एकदाच गेलो, आणि तोंडावर आपटलो!

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. आमचे सासरे, सगळे त्यांना आबा म्हणायचे, आठ दिवसांसाठी म्हणून मालवणहून मुंबईत मरोळला आमच्याकडे आले. गणपती गेले, दिवाळी गेली, आबा तिथेच. माझी खाट त्यांची, रेडिओ त्यांचा. पहाटे अशी गुळणी करायचे की मरोळच्या कारखान्यांचा भोंगा लाजावा!

परत कधी जाणार, हे विचारायचं कसं? जावई पडलो ना मी!

तेवढ्यात कंपनीची एलटीसी, म्हणजे प्रवासखर्चाची सवलत, निघाली आणि मी, बायको आणि आबा असे आम्ही तिघं मद्रासमार्गे महाबलीपुरमला पोचलो. समुद्रकाठी एकेका खडकातून कोरलेली देवळं बघून आबा विरघळले.

"जावयबापू, देव जागृत असा हो! कौल लावया!"

आता तुम्ही कोकणातले नसाल तर सांगतो. देवाच्या अंगावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कौलाशिवाय आबा दाढीसुद्धा करायचे नाहीत.

"काय विचारणार, आबा?"

"गावाक परत जाऊ काय, ह्या."

माझ्या डोक्यात दिवाच पेटला!

पण देवळात पाकळी लावायला हात पुढे केला, तर रखवालदाराने शिट्टी मारली. मग काय, मी पुढे, आबा मागे, गल्लीबोळ धुंडाळत निघालो. एका झावळ्यांच्या छपराखाली पुरुषभर उंचीचा दगडी गणपती दिसला. आसपास चिटपाखरू नाही!

"हजार वर्षांचा आहे!" मी ठोकून दिलं.

"आणि पायाखाली हे दगडाचे कपचे कसले?" आबांनी विचारलं.

"प्राचीन अवशेष!"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी बघितलंच नाही.

आबांनी डोळे मिटले. पाकळ्या चिकटवायचं काम माझ्याकडे. उजवी नुसत्या पाण्याने लावली, फुंकर मारली तरी पडेल अशी. डावीला मात्र प्रसादाला म्हणून आणलेल्या केळ्याचा चांगला गोळा! म्हटलं, आता प्रलय आला तरी ही हलणार नाही.

"बा देवा महाराजा, मी गावाक जाऊ काय? कौल दी रे महाराजा!"

"होय महाराजा!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो.

आणि गणपतीच्या मागून आवाज आला, ठक्! ठक्! ठक्!

गणपती थरथरला. उजवी पाकळी दगडाला अशी चिकटली, जणू कोरलेलीच. आणि डावी? केळ्याच्या वजनाने सुळ्ळकन घसरली आणि पडली!

"डावो कौल!" आबा गहिवरले. "येत्या सोमवारी जातलंय म्हणान भावाक सांगान ठेवलंय, घर सारवून ठेव. पण देव नको म्हणता. आता कसो जातलंय?"

सोमवारी! अहो, नुसता गप्प बसलो असतो तर!

एवढ्यात गणपतीमागून छिन्नी-हातोडी घेतलेला मूर्तिकार पुढे आला आणि फडक्याने देवाच्या छातीवरचं केळं पुसायला लागला.

"आबा, बघा! हे देऊळ नाहीच, कारखाना आहे! मूर्ती अजून पुरी झालेली नाही. कौल रद्द!"

"हजार वर्षांचो कोण म्हणालो?"

"मी... पण..."

"कारखान्यातलो म्हणान देव खोटो? माजा सगळा आयुष्य गिरणीत गेला, मी खोटो?" आबांनी गणपतीला हात जोडले. "आणि पुरो झालो नाय, तर ह्येचो हो पयलोच कौल. बाळदेवाचो पयलो शब्द मोडूचो कसो?"

आबा मरोळला राहिले. सुखाने राहिले. पुढे तर गावाकडचे भाऊही त्यांना भेटायला आठ दिवसांसाठी आले.

पण त्या दिवशी परतीच्या बसमध्ये आबा माझ्याच खांद्यावर डोकं टेकून घोरत होते. बायको खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाली, "अहो, केळं जरा कमी लावायचं होतंत."