शेरूवरची छत्री

पाऊस लागला की समोरच्या आप्पांचा कुत्रा, शेरू, उंबऱ्यावर बसकण मारतो. पट्टा ओढून झाला, बिस्किट दाखवून झालं. गडी हलत नाही. आज आप्पांनी त्याच्यावर छत्री धरली आणि स्वारी ऐटीत निघाली. छत्री कुत्र्याच्या उंचीला, त्यामुळे आप्पा कमरेत वाकलेले, पाठ चिंब. मी खिडकीत हसत होते. कुणाला बाहेर न्यायचं तर ओढून उपयोग नाही, आपण थोडं भिजायला हवं, असं मनात आलं.

तेवढ्यात आप्पांची बायको, सुमनकाकू, दारातून ओरडल्या, "अहो, माझ्यावर कधी धरली नाहीत अशी छत्री!"

आप्पांनी शेरूला फिरवून घरात सोडलं, छत्री मात्र मिटली नाही. म्हणाले, "चल, आता तू."

काकू शेरूसारख्याच उंबऱ्यावर थबकल्या, मग हसत उतरल्या. आप्पा पुन्हा भिजतच निघाले, पण या वेळी ताठ.